खरे आकडे लिहिता येतील असा दवाखाना: साताऱ्यातील मधुमेह उपचारांचा सहा वर्षांचा अनुभव

साताऱ्यातील ज्या मधुमेह दवाखान्यात मी ऑगस्ट २०१९ पासून नियमित जाते, त्याविषयी हे लिहीत आहे. माझे वय ७३ आहे. मधुमेह २००३ मध्ये निघाला, २०१६ पासून इन्सुलिन सुरू आहे आणि रक्तदाबाची गोळी त्याही आधीपासून घेते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, २०१० मध्ये निवृत्त झाले. मुलगा आणि सून पुण्यात असतात, मी इथे एकटी राहते. हे आधीच सांगते, कारण सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या आणि इन्सुलिनवर असलेल्या माणसाची दवाखान्याकडून असलेली गरज पंचेचाळिशीतल्या नोकरदार रुग्णाच्या गरजेपेक्षा बरीच वेगळी असते, आणि हा अभिप्राय त्या दृष्टीनेच वाचावा. दवाखान्याचे नाव लिहीत नाही. पुढे कौतुकाबरोबर तक्रारीही आहेत, आणि त्या मी त्यांना समक्ष सांगितलेल्या आहेत. आपल्या गावात असा दवाखाना शोधणाऱ्यांना काय पाहावे हे कळावे, एवढाच हेतू आहे.

पहिल्या भेटीला मी साखरेची वही घेऊन गेले होते. शाळेच्या हजेरीपटासारखे रकाने आखलेली, स्वच्छ अक्षरातली वही. उपाशीपोटीच्या रकान्यात ११२, ११८, १०९, १२१ असे आकडे होते आणि जेवणानंतरच्या रकान्यात कुठेही १६० च्या वर आकडा नव्हता. त्याच दिवशी आलेल्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये मात्र एचबीए१सी ८.९ होते. एचबीए१सी म्हणजे मागील दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, ८.९ चा अर्थ सरासरी साखर साधारण २०९. डॉक्टरांनी वही आणि रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले, दोन्ही शांतपणे पाहिले आणि केसपेपरवर ‘निवृत्त शिक्षिका’ हे शब्द वाचून विचारले, “बाई, ही वही तुम्ही कोणासाठी लिहिता?”

मी खरे ते सांगितले. आधीच्या रुग्णालयात १५० च्या वरचा आकडा दिसला की बोलणी बसत, म्हणून बोलणी बसणार नाहीत असे आकडे मी लिहीत होते. यंत्रावर २३४ दिसले तरी वहीत १३४ लिहायचे, असे निदान दोन वर्षे चालले होते. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी वहीचे पुढचे कोरे पान उघडून माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाले, “चुकीच्या आकड्यांवर मी औषध ठरवले, तर त्याचा त्रास तुम्हाला होणार. ३०० आले तर ३०० लिहा, आणि त्या दिवशी काय झाले होते तेही शेजारी लिहा. मला आकड्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडते.” त्या दिवसापासून आजपर्यंत माझ्या वहीत एकही खोटा आकडा नाही. या सहा वर्षांत दवाखान्यात अनेक गोष्टी मनासारख्या झाल्या नाहीत, तरी मी तिथेच जात राहिले त्याचे कारण हेच आहे.

आधीच्या रुग्णालयाविषयी फार लिहीत नाही. ते मोठे होते, यंत्रे चांगली होती, स्वच्छता चांगली होती. पण दर वेळी नवे डॉक्टर असत, मला आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत चार-पाच मिनिटे मिळत, आणि मुलगा बरोबर असला की सगळे बोलणे त्याच्याशी होई. “आजींना गोड देऊ नका,” असे डॉक्टर माझ्या देखत माझ्या मुलाला सांगत. मी स्वतः बाजारहाट करते, स्वतः स्वयंपाक करते, पुण्यात राहणारा मुलगा मला काय देणार किंवा काय नाकारणार? त्या डॉक्टरांना वेळ नव्हता हेही मला समजते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. इतके रुग्ण म्हटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला किती मिनिटे येणार हे उघड आहे. परंतु वेळ कमी असला तरी रुग्णाकडे पाहून बोलायला जास्तीची मिनिटे लागत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

इथल्या भेटीची पद्धत अशी आहे. आधी सिस्टर वजन घेतात आणि रक्तदाब दोनदा मोजतात, एकदा बसवून आणि एकदा उभे करून. जुन्या मधुमेहात उठल्याबरोबर रक्तदाब घसरण्याची शक्यता असते आणि म्हाताऱ्या माणसाच्या पडण्यामागे ते एक कारण असते, हे मला इथे आल्यावर कळले. मग पायमोजे काढायला लावून तळव्यांची तपासणी होते. नायलॉनच्या जाड दोऱ्यासारखा एक तंतू असतो. तो अंगठ्याला आणि तळव्याच्या ठरावीक जागांवर वाकेपर्यंत टेकवतात आणि डोळे मिटून ‘लागले’ म्हणायचे असते. माझ्या उजव्या पायाच्या करंगळीखाली मला ते लागत नाही. २००३ ते २०१९ या सोळा वर्षांत माझे पाय कोणीही असे हातात घेऊन पाहिले नव्हते.

यानंतरची पाच मिनिटे मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. सोबत आलेल्या नातेवाइकांना बाहेर बसायला सांगून सिस्टर एकट्या रुग्णाशी बोलतात. प्रश्न ठरलेले असतात: गेल्या काही महिन्यांत कुठे पडलात का, रात्री घाम येऊन जाग येते का, औषध घेतले की नाही याचा गोंधळ होतो का, औषधाच्या खर्चामुळे एखादी गोळी टाळता का. पहिल्या भेटीत बाहेर मुलगा बसला होता आणि आत मी पहिल्यांदाच सांगितले, की फेब्रुवारीत पहाटे मी न्हाणीघरात पडले होते. गुडघा सुजला होता. मुलाला ‘जिन्यात ठेच लागली’ म्हणून सांगितले होते. पडल्याचे कळले असते तर त्याने मला पुण्याला नेले असते, आणि मला माझे घर सोडायचे नव्हते. आधीच्या रुग्णालयात तो नेहमी शेजारी असल्यामुळे तिथेही बोलले नव्हते. आमच्या वयाची माणसे डॉक्टरांपासून जे लपवतात, त्यातले बरेचसे खरे तर शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या मुलापासून किंवा सुनेपासून लपवायचे असते. मुलांच्या मायेविषयी मला शंका नाही. पण ती पाच मिनिटे एकटीला मिळाली नसती, तर माझे पडणे केसपेपरवर कधीच आले नसते.

ते कागदावर आले म्हणून कारणाचा शोध लागला. सिस्टरांनी पुढच्या वेळी घरातली सर्व औषधे, चालू असलेली, बंद केलेली, आयुर्वेदिक, शेजारणीने दिलेली, एका पिशवीत भरून आणायला सांगितली. डॉक्टरांनी ती टेबलावर ओतली आणि एकेक पाकीट उलटे करून मागचे बारीक अक्षर वाचू लागले. दोन वेगवेगळ्या नावांची, वेगवेगळ्या रंगांची दोन पाकिटे त्यांनी बाजूला काढली. दोन्हींत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन हीच औषधे होती. एक पाकीट आमच्या घरच्या डॉक्टरांनी सुरू केलेले, दुसरे रुग्णालयाने, आणि मी दोन्ही निष्ठेने घेत होते. ग्लिमेपिराइड शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. त्याची दुप्पट मात्रा आणि वर रात्रीचे इन्सुलिन, यामुळे पहाटे साखर घसरत असणार, असा डॉक्टरांचा अंदाज होता. खात्रीसाठी त्यांनी तीन रात्री तीनचा गजर लावून साखर तपासायला सांगितले. दुसऱ्या रात्री ५८ आली. उशी घामाने ओली होती. इतकी वर्षे तो घाम मी उकाड्याचा समजत होते.

७० च्या खालची साखर म्हणजे कमी साखर आणि ५४ च्या खाली गेली तर गंभीर, हे आकडे त्यांनी माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले. त्याखाली उपाय लिहिला: तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, पंधरा मिनिटे थांबायचे, पुन्हा तपासायचे, अजूनही कमी असेल तर पुन्हा तेच. चॉकलेट किंवा पेढा नको, कारण स्निग्ध पदार्थांमुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. माझ्या रक्तदाबाच्या मेटोप्रोलॉल या गोळीमुळे धडधड आणि थरथर ही साखर उतरण्याची नेहमीची लक्षणे झाकली जाऊ शकतात, घाम मात्र येतो, हेही सांगितले. ती गोळी मी बारा वर्षे घेत होते. हे वाक्य मला आधी कोणी सांगितले असते, तर तो घाम मी ओळखला असता.

या दवाखान्याने पहिल्या सहा महिन्यांत माझी औषधे वाढवली नाहीत, कमी केली. एचबीए१सी ८.९ असताना डॉक्टर औषध कमी करतात, हे माझ्या मुलाला पटेना. तेव्हा डॉक्टरांनी मला विचारूनच त्याला आत बोलावले आणि समजावले. मात्र समजावताना ते माझ्याकडे पाहून बोलत होते, ही गोष्ट माझ्या लक्षात राहिली. त्यांचे म्हणणे असे, की माझी सरासरी जास्त होती ती दिवसाच्या चढामुळे, आणि दिवसाचा चढ होता तो काही अंशी रात्रीच्या उतारामुळे, कारण पहाटे अशक्तपणा वाटला की मी बिस्किटे खात असे. शिवाय वय, एकटे राहणे, जुना आजार आणि मूत्रपिंडाचे किंचित मंदावलेले काम पाहता माझ्यासाठी ७ च्या खाली जाण्याचा हट्ट योग्य नाही. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांतही प्रकृतीने ठणठणीत ज्येष्ठांसाठी ७ ते ७.५ च्या खाली आणि अनेक आजार असलेल्या ज्येष्ठांसाठी ८ च्या खाली असे सैल लक्ष्य दिलेले आहे. आम्ही तिघांनी मिळून ७.५ ते ८ हे लक्ष्य ठरवले आणि डॉक्टरांनी ते केसपेपरवर लिहून मला विचारले, “बाई, हे तुम्हाला मान्य आहे का?” सोळा वर्षांच्या आजारात माझी मान्यता कोणी पहिल्यांदाच विचारली होती. गेली चार वर्षे माझे एचबीए१सी ७.६ ते ७.९ च्या दरम्यान आहे आणि त्यानंतर मी पडलेले नाही.

सिस्टरांविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे. २०२१ च्या पावसाळ्यात माझी साखर अचानक २६०-२८० अशी राहू लागली. खाण्यात बदल नव्हता, ताप नव्हता, इन्सुलिन चुकत नव्हते. मी घाबरत घाबरतच आकडे लिहिले आणि वही घेऊन गेले. सिस्टरांनी “इन्सुलिन नीट घेता ना, काकू?” असे विचारले नाही. “कसे घेता ते करून दाखवा,” म्हणाल्या. मी पिशवीतून बाटली काढली, सुई काढली आणि बारा युनिट भरले. त्यांनी माझा हात धरून सुईचे टोपण वर उचलले. ते नारिंगी होते. त्यांनी ड्रॉवरमधून दुसरी सुई काढून शेजारी ठेवली. तिचे टोपण लाल होते.

आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुधा ४० युनिट प्रति मिलिलिटर ताकदीच्या मिळतात आणि त्यांच्यासाठी लाल टोपणाची सुई असते. नारिंगी टोपणाची सुई १०० युनिट ताकदीच्या इन्सुलिनसाठी असते. नेहमीच्या दुकानात सुया संपल्या होत्या म्हणून मी दुसरीकडून पाकीट आणले होते आणि दुकानदाराने जे दिले ते घेतले होते. नारिंगी सुईत बारा या रेघेपर्यंत ४० ताकदीचे इन्सुलिन भरले, की प्रत्यक्षात पाच युनिटही जात नाहीत. म्हणजे महिनाभर मी निम्म्याहून कमी इन्सुलिन घेत होते. उलटे झाले असते, १०० ताकदीचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सुईत भरले गेले असते, तर अडीचपट मात्रा गेली असती आणि एकट्या घरात मला कोणी उठवायला नव्हते. सिस्टरांनी हे सर्व दोन सुया आणि ग्लासभर पाणी घेऊन मला दाखवले. नंतर पोटावरून हात फिरवून बेंबीच्या उजव्या बाजूची घट्ट गाठ माझ्याच बोटांना लावून दिली. रोज एकाच जागी टोचल्याने तिथली चरबी कठीण होते आणि इन्सुलिन धड शोषले जात नाही. पोटाचे चार भाग करून दर आठवड्याला भाग बदलायचा, असा तक्ता त्यांनी वहीत आखून दिला. हे शिकवायला त्यांना वीस मिनिटे लागली आणि त्या वीस मिनिटांचे त्यांनी वेगळे पैसे घेतले नाहीत. त्या जर “गोड खाल्ले असेल” असे म्हणून पुढे गेल्या असत्या, तर इन्सुलिन वाढवले गेले असते, आणि पुन्हा लाल सुई हातात आल्यावर त्याचा परिणाम काय झाला असता, याचा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

खाण्यापिण्याविषयी इथे छापील तक्ता देत नाहीत, याचे मला समाधान आहे. आधी मिळालेल्या तक्त्यात ओट्स, ब्राउन ब्रेड आणि ऑलिव्ह तेल होते. इथे सिस्टर आपण काल काय खाल्ले ते विचारतात आणि त्यातच बदल सुचवतात: दोन भाकऱ्यांची दीड, वरणाची वाटी मोठी, भात हवाच असेल तर रात्रीऐवजी दुपारी. एकादशीचा उपवास मी लग्नापासून करते. तो सोडायला त्यांनी सांगितले नाही. निर्जळी मात्र डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत नाकारली. बाकीच्या एकादशांना साबुदाण्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी आणि ताक, आणि त्या दिवशीचे इन्सुलिन किती कमी करायचे तो आकडा, असे लिहून दिले. त्याआधी मी काय करत असे, तर उपवासाच्या दिवशी इन्सुलिन पूर्ण बंद ठेवत असे आणि कोणाला सांगत नसे.

२०२३ मध्ये मला माउलींच्या पालखीबरोबर लोणंद ते तरडगाव एवढा एक टप्पा चालायचा होता. चांदोबाचा लिंब येथे होणारे उभे रिंगण मी वयाच्या पस्तिशीत पाहिले होते आणि गुडघे चालतात तोवर पुन्हा एकदा पाहावे अशी इच्छा होती. हे मी मुलाच्या आधी डॉक्टरांना सांगितले. त्यांनी क्षणभर विचार करून नेमक्या अटी घातल्या. सकाळचे इन्सुलिन १२ ऐवजी ८ युनिट, दर दीड तासाने काहीतरी खाणे, कमरेच्या कापडी पिशवीत साखरेची पुडी आणि तपासणीचे यंत्र, अनवाणी एक पाऊलही नाही, नवे बूट नाहीत, रोजच्या वापरातलेच बूट आणि सुती मोजे, संध्याकाळी शेजारणीकडून तळवे बघून घेणे. चिठ्ठीवर माझे आजार, औषधे आणि मुलाचा फोन क्रमांक मराठीत लिहून ती त्याच पिशवीत ठेवायला लावली. रिंगणाआधी रस्त्याच्या कडेला बसून तपासली तर ९६ होती. राजगिऱ्याची वडी खाल्ली आणि उभी राहिले. अश्व धावत गेले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी सर्वांत आधी माझे तळवे पाहिले आणि मग रिंगण कसे झाले ते विचारले.

आता तक्रारी. पहिली आणि सर्वांत गंभीर तक्रार प्रतीक्षेची आहे. दहाची वेळ दिलेली असताना आत जायला बारा वाजतात, आणि हे अपवादाने नाही, नेहमी होते. इन्सुलिनवरच्या वृद्ध माणसाला दोन तास बसवून ठेवणे ही साधी गैरसोय मानता येणार नाही. २०२२ मध्ये उपाशीपोटी रक्त देऊन थांबलेले एक आजोबा माझ्या शेजारच्या खुर्चीत घामाघूम होऊन असंबद्ध बोलू लागले. मीच माझ्या पिशवीतली साखर त्यांना दिली आणि सिस्टरांना हाक मारली. त्या दिवशी मी डॉक्टरांना लेखी पत्र दिले. पंधरा दिवसांत उपाशीपोटीचे रक्त घ्यायची वेळ सकाळी साडेसात ते साडेआठ अशी वेगळी केली गेली आणि डबा खाण्यासाठी मागची खोली मोकळी करून दिली. डॉक्टरांना भेटण्यासाठीची प्रतीक्षा मात्र तेवढीच आहे. त्यांचे उत्तर असे, की आतल्या रुग्णाला वेळ द्यायचा तर बाहेरच्याला थांबावे लागते. ते मला अर्धेच पटते. रुग्णाला किती वेळ लागतो हे माहीत असेल, तर तासाला कमी रुग्ण बोलवावेत.

दुसरी तक्रार स्वागतकक्षाची. तिथल्या मुली वार्षिक तपासणीचे पॅकेज घेण्याचा आग्रह धरतात. मला दरवर्षी जे हवे ते थोडके आहे: डोळ्यांत थेंब टाकून पडद्याची तपासणी, लघवीतील प्रथिन, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, पायांची तपासणी, आणि मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेत असल्यामुळे अधूनमधून बी-१२. पॅकेजमध्ये याखेरीज बारा-पंधरा तपासण्या असतात. मी कागद घेऊन आत गेले तेव्हा डॉक्टरांनी स्वतः त्यातल्या बहुतेकांवर काट मारली. पण जे रुग्ण आत विचारत नाहीत ते पैसे भरून मोकळे होतात, आणि आमच्या पिढीत न विचारणारेच अधिक आहेत. आत एवढा प्रामाणिकपणा असताना बाहेर हा आग्रह का, हे मी विचारले. समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

डॉक्टर परगावी असताना बदली डॉक्टर येतात, तेव्हा तो दवाखाना पूर्णपणे वेगळा होतो. एका मे महिन्यात बदली डॉक्टरांनी लग्नाच्या जेवणानंतरचा एकच चढा आकडा पाहून रात्रीचे इन्सुलिन चार युनिटांनी वाढवले. शेजारी मी ‘लग्न, जिलेबी’ असे लिहिले होते, ते वाचले नाही. मी ते वाढवले नाही. फोन करून सिस्टरांना विचारले आणि दुसऱ्या दिवशी आपल्या डॉक्टरांकडून निरोप आला, की जुनीच मात्रा ठेवावी. सहा वर्षांपूर्वी मी असा फोन केला नसता. दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे आणि वीज गेली की लिफ्ट बंद पडते. गुडघेदुखीच्या रुग्णांनी हे लक्षात ठेवावे.

खर्चाविषयी. एका भेटीचे ५०० रुपये होतात. मला तीन महिन्यांतून एकदा जावे लागते. सत्तरीवरील सर्वांना मिळणारे आयुष्मान वय वंदना कार्ड माझ्याकडे आहे, पण त्याचा लाभ रुग्णालयात दाखल झाल्यावर मिळतो. बाह्यरुग्ण तपासणी, रोजच्या गोळ्या, सुया आणि साखर तपासायच्या यंत्राच्या पट्ट्या यांना तो लागू नाही. मधुमेहाचा खरा खर्च तर रोजचाच असतो. पट्ट्या महाग म्हणून मी २०२० मध्ये तपासणी आठवड्यातून एकदाच करू लागले होते; हेही सिस्टरांच्या त्या एकटीच्या पाच मिनिटांतच निघाले. डॉक्टरांनी मग रोज न तपासता कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी तपासायचे याचे वेळापत्रक दिले, ज्यात आठवड्याला पाच पट्ट्या पुरतात. ते औषधांची मूळ नावे ठळक अक्षरांत लिहितात, त्यामुळे मेटफॉर्मिन मी जनऔषधी केंद्रातून आणते. खालच्या मजल्यावरच्या औषध दुकानातूनच घ्या, असे त्यांनी कधी म्हटले नाही. रिपोर्टच्या प्रती मागितल्या की त्याच दिवशी मिळतात. रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत कागद देणे डॉक्टरांवर नियमाने बंधनकारक आहे, हे आधीच्या रुग्णालयात असताना मला माहीत नव्हते. तिथे मला महिनाभर हेलपाटे घालावे लागले होते.

ज्यांना झटपट औषध लिहून घेऊन कामावर जायचे आहे, त्यांना हा दवाखाना सोयीचा नाही. ज्यांना कमी ऐकू येते, त्यांना इथे त्रास होणार नाही, डॉक्टर समोर बसून सावकाश बोलतात आणि शेवटी आपल्यालाच विचारतात, “आता मला सांगा, उद्यापासून काय काय बदलायचे?” मी माझ्या वर्गात धडा संपल्यावर हेच करत असे, त्यामुळे ते मला विशेष आवडते. पाचपैकी चार गुण देते. पाचवा वेळेच्या शिस्तीसाठी राखून ठेवला आहे.

नव्याने जाणाऱ्यांनी घरातली सगळी औषधे पिशवीत भरून न्यावीत, रोज वापरता तीच सुई आणि यंत्र बरोबर ठेवावे, डबा आणि पाणी न्यावे. सोमवारी आणि बाजाराच्या दिवशी गर्दी जास्त असते, बुधवारी दुपारी कमी. मुलगा किंवा सून बरोबर येणार असेल तर जरूर यावे, पण सिस्टर बाहेर थांबायला सांगतील तेव्हा मनाला लावून न घेता बाहेर थांबावे.